रेडिएटर कोरडा आढळला

मेहुण्याच्या पत्राला मिस्त्रीने उत्तर दिलं नाही, त्याला दोन उन्हाळे होऊन गेले होते. पत्र हरवलं नव्हतं. इंजिनाच्या जाड माहितीपुस्तकात, इंधनपंपाच्या आकृतीपाशी ते ठेवलेलं होतं. त्या पानाची गरज क्वचितच पडे, म्हणून मुद्दाम तिथे. तरी पुस्तक उघडलं की बोटं नेमकं तेच पान टाळून पुढे सरकत, आणि टाळताना पाठ झालेलं सगळं पत्र त्याला आठवे.

"दाजी, इंजिन तुम्ही उघडलंत. रोज सकाळी पाणी भरूनच मी गाडी काढत होतो, ते तुमच्याच दारात, तुमच्या नळावर. गाडी चढावर तापते हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या. तोंडी नको, तोंडी सांगितलेलं इथे कोणी धरत नाही. ताईला कळवू नका, ती उगाच जिवाला लावून घेईल."

मिस्त्रीने उत्तराला चार वेळा सुरुवात केली होती. "तुझं पत्र मिळालं" याच्या पुढे त्याचा हात चालला नाही. आधी खात्री करून घेऊ, मग लिहू, असं तो मनाशी म्हणत राहिला. माणूस भिडस्त. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची. गॅरेजमध्ये पुस्तक उघडून वाचणारा तो एकटाच, म्हणून बाजारातले बाकीचे मिस्त्री त्याला 'पुस्तकी' म्हणत. ते तो हसून घेई. मनात मात्र ते डाचत राही.

प्रकरण तसं साधं होतं. पाणीपुरवठा संस्थेचा एकच टँकर, आणि मेहुणा त्याचा चालक. एका दुपारी चढावर इंजिन जाम झालं. टँकर ओढून मिस्त्रीच्या दारात आणला. त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, आत काडी घातली, काडी कोरडीच वर आली. संस्थेचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. "रेडिएटर कोरडा आढळला," मिस्त्री म्हणाला. सेक्रेटरींनी ते अहवालात लिहिलं आणि पुढे स्वतःच्या मनाने जोडलं, 'चालकाने पाणी न तपासता वाहन चालवल्यामुळे.' मग कागद पुढे केला. मिस्त्रीने वाचला. तोंड उघडलं. मिटलं. सही केली.

मेहुण्याला त्याच दिवशी काढलं. ते एक वेळ त्याने सोसलं असतं. पण लोकांच्या हाती आयतं खेळणं लागलं. पाण्याच्या टँकरवर बसून पाण्यावाचून इंजिन जाळणारा! त्याचं नाव 'कोरड्या' पडलं, आणि तो नोकरी मागायला जाईल तिथे ते नाव त्याच्या आधी पोचायचं. वीस वर्षं ज्याच्या गाडीला ओरखडा नव्हता, त्याच्या हातात कोणी स्टिअरिंग देईना. आता तो दुसऱ्या गावच्या धान्याच्या गोदामात पोती वाहत होता. बेचाळिसाव्या वर्षी.

या उन्हाळ्यात वरच्या वस्त्यांच्या विहिरी लवकरच तळाला गेल्या. इंजिन नव्याने बांधलेला तोच टँकर दिवसाला तीन खेपा करत होता. चालवत होती मिस्त्रीची लेक. तिशी ओलांडलेली, हाडापेराने बापासारखी, जिभेने आईसारखी. गाडी ती मामाच्या शेजारी बसून शिकली होती.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला टँकर उतारावरून न्यूट्रलमध्ये घरंगळत गॅरेजच्या दारात आला. बोनेटच्या फटींतून वाफ निघत होती. लेक खाली उतरली ती डावा हात पोटाशी धरून. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालबुंद झाली होती.

"तापली, बाबा. या आठवड्यात तिसऱ्यांदा."

"झाकण उघडलंस?" मिस्त्री धावत आला. "गरम असताना झाकण उघडलंस?"

"मी कशाला उघडू? मला काय वेड लागलंय? वरच्या वस्तीतला एक शहाणा घाई करत होता. म्हणाला, बाईमाणसाला काय कळतंय, मी बघतो. त्याचा हात मागे खेचला तेवढ्यात फवारा आला. तो वाचला. पळाला. थांबून बघितलंसुद्धा नाही."

"हात नळाखाली धर. धर आधी."

ती नळाखाली उभी राहिली. दात आवळून, पण बोलायची थांबली नाही. "सकाळी तुमच्यासमोर पाणी भरलं होतं की नाही?"

"भरलं होतं."

"काठोकाठ?"

"काठोकाठ."

"सपाटीला तापमानाचा काटा जागचा हलत नाही. उभी ठेवून तासभर चालवा, हलत नाही. भरला टँकर घेऊन चढाला लागले की दुसऱ्या वळणावर तांबड्यात. मामा हेच सांगायचा. शब्दन् शब्द हेच."

एवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. सेक्रेटरी उतरले, चष्मा पुसला, वाफेकडे पाहिलं आणि नळाखाली उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलंच नाही.

"काय हो मिस्त्री, तुमच्या घराण्याला पाण्याचं वावडं आहे का? आधी मेहुणा, आता मुलगी."

"पाणी भरलेलं होतं, साहेब," लेक म्हणाली.

"तुला विचारलं नाही मी." त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला. "वरच्या वस्तीतून सकाळपासून तक्रारी चालल्यात. बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या आहेत. मला वरिष्ठांना उत्तर द्यायचंय. परवापर्यंत अहवाल हवा. मागच्यासारखाच, दोन ओळींचा."

"अजून गाडी तपासली नाही," मिस्त्री पुटपुटला.

"तपासा की. तपासायला कोण नको म्हणतंय? पण गाडी नवी बांधलेली आहे, तुम्हीच बांधलीत. मग दोष तुमचा, नाहीतर चालवणाऱ्याचा. तिसरा कोणी आहे का इथे?"

मोटारसायकल निघून गेली. लेकीने नळ बंद केला.

"मी तीन वेळा त्यांच्या टेबलावर लेखी दिलंय, गाडी तापते म्हणून," ती म्हणाली. "तिन्ही कागद त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवले. आणि आता मलाच विचारतात!"

गॅरेजच्या मागेच घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, भिंतीला उन्हाचा भपका. मिस्त्रीच्या बायकोने लेकीचा हात मांडीवर घेतला, ओलं फडकं हलकेच टेकवलं, आणि नवऱ्याकडे न बघता बोलायला लागली.

"काय लिहिणार आता? मुलगी कोरडी आढळली?"

"अगं, असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? तेव्हा माझा भाऊ होता. तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. आता स्वतःच्या लेकीवर आलंय, तर बघते फुटतो का."

"तपासतो म्हणालोय ना मी."

"तपासा. आणि तपासून झालं की त्याच्या पत्राचंही बघा."

मिस्त्री दारातच थबकला.

"पत्र आलेलं मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं. अक्षर ओळखलं नसेल का मी? मीच त्याला पाटीवर शिकवलंय ते. पाकीट न उघडता तुमच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. दोन वर्षं थांबले."

लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. फडक्यातून पाणी जमिनीवर टपकत होतं. मिस्त्री गॅरेजमध्ये गेला.

दुपारभर तो एकेक गोष्ट बाद करत गेला. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबला. ताण बरोबर होता. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाबून पाहिली, रबर पाहिलं; ठीक. होजपाइपांवर, जोडांवर, पंपाखाली ओल शोधली, थेंब नाही. तेलाची कांडी काढून बोटावर पुसली. तेल काळं, स्वच्छ काळं, दुधाळ नाही, म्हणजे पाणी तेलात जात नव्हतं. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी डोळे लावून बसला. बुडबुडे नाहीत, म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत. मग रेडिएटरच उतरवला. पन्नास किलोचं धूड एकट्याने छातीवर घेऊन उतरवलं, हट्टाने. कोणाला हाक मारायची त्याला लाज वाटत होती. वरून बादली ओतली, पाणी खालून भडभडून आलं. जाळीत चिखल नाही, कचरा नाही. शेवटी वॉटरपंप खोलला. पाती जागच्या जागी, धार अजून नवी.

संध्याकाळी सगळं परत जोडून तो पायरीवर बसला. बोटांची सालं निघाली होती. सगळं चांगलं आहे आणि गाडी उकळते आहे! त्याला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं इंजिनाच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला एवढं सापडू नये? आणि त्याहून वाईट विचार असा की सापडलं नाही तर परवा तोच कागद पुढे येईल, आणि आपला हात आपण ओळखून आहोत.

"बाबा, गॅरेजमध्ये ती तापणारच नाही," लेक मागून म्हणाली. तिच्या हाताला पट्टी होती. "जिथे तापते तिथे चला. मामाबरोबर एकदा तरी चढावर गेला होतात का तुम्ही?"

"नाही."

"तो म्हणाला नव्हता, चला म्हणून?"

"म्हणाला होता. दोनदा."

सकाळी काठोकाठ भरलेला टँकर घेऊन दोघं निघाली. मिस्त्रीने सोबत पान्हे, चिमटा, लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या, नटबोल्ट आणि एक जुनं पोतं घेतलं. सपाटीला काटा मध्यावर, जणू चिकटवलेला. चढ लागला. लेकीने गीअर खाली टाकला. दुखऱ्या हाताने टाकताना तिच्या ओठाची कड आत गेली. पहिलं वळण. काटा हलला. दुसऱ्या वळणाला तो तांबड्याच्या कडेला होता.

"थांबव. इंजिन बंद करू नको, चालूच ठेव."

मिस्त्रीने चाकाला दगड लावला, बोनेट उचललं. उष्णतेची झळ तोंडावर आली. झाकणाला त्याने हात लावला नाही. रेडिएटरच्या वरच्या नळीजवळ हात नेला, टेकवता येईना. मग खाली वाकून रेडिएटरचा तळ चाचपला.

तळ कोमट होता.

त्याने पुन्हा हात लावला. इंजिन उकळीला आलेलं, आणि रेडिएटरचा तळ अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. रेडिएटर तुंबला असता तर असं झालं असतं, पण तो काल त्याने स्वतः बादलीने पारखला होता. म्हणजे पाणी तुंबत नव्हतं. पाणी तिकडे पुरेसं जातच नव्हतं. मग कुठे जात होतं?

इंजिनाच्या हेडच्या तोंडाकडून पंपाकडे परत येणारी एक आखूड नळी होती, अंगठ्याहून थोडी जाड. आडवाटेची नळी. काल तिच्यावर त्याने फक्त गळती शोधली होती. पोतं गुंडाळून त्याने ती पकडली. नळी दगडासारखी ताठ होती आणि आतून पाणी थडथडत धावत होतं. सगळा ओघ इथे होता. उकळतं पाणी रेडिएटरला वळसा घालून जसंच्या तसं परत इंजिनात शिरत होतं.

मिस्त्री तसाच वाकून राहिला. घाम हनुवटीवरून थेंबाथेंबाने गरम लोखंडावर पडून चुर्र होत होता.

"काय झालं?" लेकीने वरून विचारलं.

"इंजिन बंद कर. गार होऊ दे."

अर्ध्या तासाने त्याने त्या नळीच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या लावल्या, बोल्टने आवळत नेल्या, नळी पार चपटी होईपर्यंत. उडालेलं पाणी बेताबेताने भरलं. "आता चल. काटा बघत राहा. कमीजास्त झालं तर बोल."

तिसरं वळण. चौथं. उभा चढ, जिथे मेहुण्याचं इंजिन बसलं होतं. पाच हजार लिटर पाणी मागे डचमळत होतं. इंजिन ओरडत होतं, पण काटा मध्यावर येऊन बसला तो हललाच नाही.

"बाबा!" लेक ओरडली. "हा बघा! हा बघा की!"

मिस्त्री बघत होता. त्याला आनंद झाला नाही.

वरच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली होती. कोणीतरी म्हणालं, "आली, कोरड्याची भाची आली. आज इंजिनाला पाणी पाजलंस का गं?" आणि रांगेत हशा पिकला. लेक टँकरच्या तोटीला नळी जोडत होती, जोडतच राहिली. मिस्त्रीचे कान तापले. इतकी वर्षं अशा ठिकाणी तो मान खाली घालून उभा राहत आला होता. आजही मान खालीच गेली. फक्त आज त्याला कळत होतं, ती का जातेय.

उतारावर परतताना लेकीने विचारलं, "ती नळी मुळात असते कशाला?"

"इंजिन गार असताना पाणी तिथूनच फिरतं, म्हणजे लवकर गरम होतं. गरम झालं की थर्मोस्टॅटचा व्हॉल्व उघडतो. वरचं दार रेडिएटरकडे उघडतं, आणि खालची छोटी थाळी सरकून ही आडवाट बंद करते."

"मग आपला व्हॉल्व खराब झालाय?"

"व्हॉल्व नाहीच आहे."

"नाही म्हणजे?"

"काढलेला आहे. तीन वर्षांपूर्वी. उन्हाळ्यात सगळेच मिस्त्री काढतात. आपल्या हवेला व्हॉल्व कशाला, उगाच पाणी अडवतो, असं म्हणतात. जुन्या गाड्यांना चालून जायचं. या इंजिनाला नाही चालत."

तिने गीअर बदलला.

"मामाच्या वेळी पण नव्हता."

"नव्हता."

"आणि नवीन इंजिन बांधलं तेव्हा?"

"तेव्हाही बसवला नाही."

"कोणी काढला होता, बाबा?"

"मी."

तिने गॅरेजच्या दाराशी त्याला उतरवलं आणि दुसऱ्या खेपेचं पाणी भरायला तशीच पुढे गेली.

त्याने पुस्तक काढलं. थंडाव्याच्या यंत्रणेचं पान. खालच्या बाजूला जाड अक्षरांत छापलं होतं: थर्मोस्टॅट काढून इंजिन कधीही चालवू नये. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. रेघ त्याचीच होती. कधीतरी वाचलं होतं, पटलंही होतं. आणि मग एका उन्हाळ्यात सेक्रेटरी म्हणाले होते, "काढून टाका हो तो व्हॉल्व, सगळे काढतात," आणि बाजूला उभा असलेला दुसरा मिस्त्री हसून म्हणाला होता, "त्यांना पुस्तकाला विचारू दे आधी." तेवढ्या हसण्यासाठी त्याने पान्हा उचलला होता. तेवढ्यासाठी! एका माणसाचं नाव धुळीला मिळालं, ते एवढ्याशा हसण्याची लाज वाटली म्हणून.

बाजारातून तो नवा व्हॉल्व घेऊन आला आणि तडक स्वयंपाकघरात गेला. बसवण्याआधी उकळून पाहायचा, असं पुस्तकात होतं. बायकोने न विचारता पातेलं पुढे सरकवलं. पाणी तापू लागलं. व्हॉल्व दोऱ्याला बांधून त्याने आत सोडला. दोघंही पातेल्यावर वाकली. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच पितळेचं ते झाकण हळूहळू उचललं गेलं आणि खालची थाळी बाहेर सरकली.

"हे नसलं की काय होतं?" तिने विचारलं.

"पाणी रेडिएटरपर्यंत पुरेसं पोचत नाही. चढावर उकळतं. वाफ होऊन उडून जातं."

"म्हणजे सकाळी भरलेलं पाणी दुपारी नसतं."

"नसतं."

"म्हणजे माझ्या भावाने भरलेलं पाणी तुम्ही उडवलंत. आणि कोरडा आढळला म्हणून सही पण तुम्हीच केलीत."

त्याच्या हातात दोरा तसाच होता. "हो," तो म्हणाला.

तिने गॅस बंद केला. "त्याचे खांदे बघितलेत का तुम्ही? पोत्यांनी कातडी काळी पडलीये. मी गेल्या वर्षी जाऊन आले तेव्हा सदरा घालूनच बसला होता, इतक्या उकाड्यात. मी जबरदस्तीने काढायला लावला. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही त्याने. मी वाट बघत होते, शिवी तरी देईल. विचारलं काय, तर दाजींचा दमा कसा आहे!"

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला. ती त्याच्या जवळ आली नाही.

"रडायचं असेल तर नंतर रडा," ती म्हणाली. "आधी लिहा."

त्याने व्हॉल्व बसवला, आडवाटेच्या नळीवरच्या पट्ट्या सोडल्या आणि लेकीबरोबर संध्याकाळची खेप केली. काटा मध्यावर. मग अहवाल लिहायला बसला. या वेळी छापील कागदावर नाही, कोऱ्या पानावर. नव्या बिघाडाचं कारण लिहिलं, जुन्याचंही तेच लिहिलं. 'पूर्वीच्या चालकाने वाहन तापत असल्याचे मला तीन वेळा सांगितले होते. मी चढावर जाऊन तपासणी केली नाही. थर्मोस्टॅट मी काढला होता. रेडिएटर कोरडा आढळला तो त्यामुळे. चालकाचा दोष नव्हता. पूर्वीचा अहवाल चुकीचा असून त्यावर मी सही करायला नको होती.' दोन प्रती केल्या.

सकाळी तो आणि लेक संस्थेच्या कचेरीत गेले. पंखा फिरत होता, तरी सेक्रेटरी फाइलने वारा घेत होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे काय आहे?"

"अहवाल."

"मी मागच्यासारखा दोन ओळींचा मागितला होता."

"मागचा खोटा होता."

मिस्त्रीचा आवाज चिरकला. सेक्रेटरींनी दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला. "हे बघा, मिस्त्री. गाडी बरी झाली ना? झाली. मुलीवर मी काही ठेवत नाही, जा. पार्ट निकामी झाला होता, बदलला, असं लिहा. विषय संपला. दोन वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरताय?"

"मढं नाही ते. जिवंत आहे. पोती वाहतोय."

"अहो, पण तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय! उद्या कोण गाडी आणेल तुमच्याकडे? आणि व्हॉल्व काढा म्हणून मी सांगितलं, असं तर लिहिलं नाहीत ना कुठे?" त्यांनी घाईघाईने कागद पुन्हा चाळला.

"नाही लिहिलं. काढला माझ्या हातांनी."

"मग मी हे स्वीकारत नाही." कागद टेबलावरून सरकत मिस्त्रीच्या पोटाशी आला. "जुनं प्रकरण बंद आहे."

मिस्त्री कागदाकडे बघत राहिला. घशाला तीच ओळखीची कोरड पडली. आणखी क्षणभर गेला असता तर त्याने तो उचलून घडी घातली असती. हे त्याला माहीत होतं, आणि लेकीलाही. तिने टँकरची चावी काढून टेबलावर ठेवली.

"मग दुसरा चालक बघा."

"धमकी देतेस?"

"नाही साहेब. मामाला काढलंत त्या कारणाने मला काढायचं राहिलंय, तेवढं उरकून टाकते. दहा वाजता पहिली खेप आहे. बायका उभ्या राहतील. त्यांना सांगायला तुम्ही स्वतः चढून जा."

"ही भाषा बरी नाही हं."

"भाषा?" मिस्त्री एकदम म्हणाला. आपण एवढ्या मोठ्याने बोलू शकतो याची त्याला कल्पना नव्हती. बाहेरच्या खोलीतलं टंकलेखन थांबलं. "त्याला दोन वर्षं कोरड्या म्हणतात, ती भाषा बरी आहे? तुम्हीसुद्धा म्हणता. ओळ माझी होती, पुढचं शेपूट तुम्ही जोडलंत. मी वाचून सही केली, तो माझा हलकटपणा. पण शेपूट तुमचं आहे! तिचे तीन कागद कपाखाली ठेवलेत तेही तुमचं आहे. स्वीकारत नाही म्हणजे काय? कागद आहे हा. मी दिलेला आहे. घ्यावाच लागेल तुम्हाला!"

त्याला धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. सेक्रेटरी काही बोलायच्या आत तो दोन्ही प्रती घेऊन बाहेर आला. आवक-जावकच्या टेबलावर एक चष्मिष्ट बाई बसायच्या. निवृत्तीला आलेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी हात पुढे केला. कागद वाचला नाही, फक्त किती पानं आहेत ते पाहिलं. वहीत नोंद केली, शिक्का शाईत दाबला आणि दोन्ही प्रतींवर मारला. तारीख घातली, सही केली.

"बाई!" आतून सेक्रेटरी ओरडले. "तो कागद घ्यायचा नाहीये!"

"घेतला, साहेब," बाई म्हणाल्या. "आवक झाला. आता काढता येत नाही." आणि दुसरी प्रत मिस्त्रीच्या हातात ठेवून पुन्हा टंकलेखनाला लागल्या.

पावणेदहाला सेक्रेटरींच्या शिपायाने चावी आणून लेकीच्या हातात दिली. मिस्त्रीला मात्र निरोप आला की संस्थेचं काम यापुढे दुसऱ्या गॅरेजला दिलं आहे.

दुपारी त्याने पत्र लिहायला घेतलं. या वेळी हात अडला नाही, उलट थांबेना. आडवाटेची नळी, खालची थाळी, कोमट तळ, पेन्सिलची रेघ, सगळं लिहीत गेला. चार पानं झाली. बायकोने ती उभ्याउभ्याच वाचली.

"त्याला मिस्त्री करायचंय का तुम्हाला?"

"नाही, पण त्याला कळायला हवं की नक्की काय..."

"तो चालक आहे. काय होत होतं ते त्याला तुमच्या आधी कळलं होतं. त्याने काय मागितलं होतं?"

"लिहून द्या म्हणाला होता."

"मग लिहून दिलंत ना? ते पाठवा. आणि ही चार पानं तुमची तुम्हाला ठेवा. तुम्ही किती वाईट माणूस आहात हे वाचायला त्याला कशाला बसवताय?"

त्याने नवं पान घेतलं. 'तुझं पत्र मिळालं' ने सुरुवात केली नाही. लिहिलं: 'तू रोज पाणी भरत होतास. तू मला तीनदा सांगितलं होतंस. इंजिन माझ्यामुळे गेलं. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे, मागेल त्याला दाखव. तुझ्या ताईला सगळं माहीत आहे.' मग खूप वेळ पेन तसंच धरून बसला. माफीचा शब्द लिहिला, खोडला. खोडलेला दिसू नये म्हणून पान बदललं, पुन्हा पहिल्यापासून उतरवलं. शेवटी तो शब्द लिहिलाच नाही. त्याला वाटलं, तो मागायला आपण स्वतः जायला हवं. आणि जाऊ की नाही याची त्याला अजूनही खात्री देता येईना. बायकोने पत्ता घातला; गोदामाचा पत्ता तिलाच माहीत होता.

पोस्टाची पेटी चौकात, चहाच्या टपरीजवळ होती. बाकावर दोघे मिस्त्री बसले होते. कचेरीतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत होती, कारण तो येताच ते गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "काय पुस्तकी, ऐकलं ते खरं का? स्वतःच्याच विरुद्ध अहवाल दिलास म्हणे!"

"खरं आहे," मिस्त्री म्हणाला. "तुझ्याकडच्या त्या दोन टँकरचे व्हॉल्व बसवून टाक. मी उद्या येऊन बघणार आहे."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसले नाहीत.

प्रतीमुळे पाकीट जाड झालं होतं. पेटीच्या फटीत ते अर्ध्यावर अडकलं. त्याने दोन बोटं आत घातली, पत्र्याची कड सोललेल्या सांध्यांना लागली, तरी तो ढकलत राहिला, पाकीट आत सुटेपर्यंत.